गांडुळासाठी परमिट

केशरबाई सरकट्यांनी त्या दिवशी न्हाणीबाहेर वाकून गांडुळाच्या अंगावरचे खंड मोजले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विज्ञानाच्या शिक्षिकेला दिसेल ते मोजायची खोड असते. इतर बायका गांडूळ दिसलं की पाय उचलतात. केशरबाईंनी पाय तिथंच ठेवला आणि चष्मा लावला.

साल सत्त्याहत्तर, महिना श्रावण. कारंजा लाडच्या धान्यबाजारामागच्या गल्लीत शिखरचंदजींच्या घराच्या पाठीमागे दोन खोल्यांत केशरबाई आणि पंजाबराव राहत. केशरबाई मुलींच्या शाळेत शिकवत. पंजाबराव एस.टी. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीमागे बसत. या खोल्या मिळण्याआधी दोघांनी गावात सात घरं पाहिली होती. सातही ठिकाणी खोली रिकामी असायची आणि आडनाव सांगितलं की घरमालकाचा कुणीतरी भाचा तातडीनं राहायला यायचा. शिखरचंदजींना भाचा नव्हता. त्यांच्या पत्नी भंवरीबाईंनी आडनाव ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंडं-मांस? दारू?" दोघांनीही नाही म्हणून मान हलवली. "मंग सामान आना," भंवरीबाई म्हणाल्या. याला आता चार वर्षं झाली होती.

याच भंवरीबाई ज्येष्ठ महिन्यात श्रवणबेळगोळची यात्रा करून आल्या, त्या येताना बंगलोरहून रंगीत पानांच्या सहा कुंड्या घेऊन आल्या. रेल्वेत कुंड्या बाकावर बसल्या आणि शिखरचंदजी उभे राहिले. त्या कुंड्या मागच्या अंगणात न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटाशी मांडल्या गेल्या आणि महिन्याभरात तिथल्या ओलसर मातीत ती गांडुळं दिसू लागली.

आता गांडूळ म्हणजे गांडूळ, असं आपण म्हणतो. केशरबाईही आजवर तेच म्हणत होत्या. पण नववीच्या पुस्तकात गांडुळाच्या अंगावरचा जाड पट्टा चौदाव्या खंडापासून सोळाव्या खंडापर्यंत, अंगठीसारखा सगळीकडून गोल असतो, असं दिलेलं होतं. या गांडुळाचा पट्टा पंधराव्यापासून सुरू होऊन बाविसाव्यापर्यंत गेला होता आणि तो अंगठीसारखा नसून घोड्याच्या खोगिरासारखा वरूनच टाकलेला होता. शेपटीवरून बोट फिरवलं तर दात घासायच्या ब्रशासारखं खरखरीत लागायचं. केशरबाईंनी शिवणाची सुई हातात धरून सात वेळा मोजलं. सातही वेळा पंधरा.

दुसऱ्या दिवशी त्या हेडमास्तर उदयसिंग सरांकडे गेल्या. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बाई, पुस्तक बोर्डानं मंजूर केलेलं आहे," ते म्हणाले. "गांडूळ कोणी मंजूर केलं?"

"सर, ते बाहेरून आलेलं असावं. वेगळी जात आहे."

"बाहेरून आलेल्यांनीसुद्धा नियम पाळले पाहिजेत."

हे वाक्य स्टाफरूममध्ये गेलं आणि पुढचे आठ दिवस तिथून बाहेर पडलंच नाही. केशरबाई दारात दिसल्या की ड्रॉइंगचे सर विचारत, "काय बाई, आज पट्टा किती भरला?" केशरबाई फार बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. घराण्यातल्या पहिल्या पदवीधर. ती पदवी त्यांनी तीन मैल चालत, दुसऱ्याच्या पुस्तकांवर मिळवलेली होती. त्यांनी मोजलेल्या आकड्यावर कुणी हसावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी ग्रंथालयातून पत्ता शोधून काढला आणि कलकत्त्याच्या मृदाजीव संशोधन संस्थेला इंग्रजीतून पत्र लिहिलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. कलकत्त्याहून, टाइप केलेलं, खाली सही असलेलं! त्यात लिहिलं होतं की वर्णनावरून जात परदेशी वाटते, पण खात्री करण्यासाठी पूर्ण वाढीचे पाच नमुने पाठवावेत. ते सरळ असावेत, वेटोळे झालेले नसावेत. ते मद्यार्कात ठेवावेत. बाटलीत गाव, जिल्हा आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून टाकावी.

पंजाबरावांनी पत्र दोनदा वाचलं. "सरळ गांडूळ?" ते म्हणाले. "सरळ मानूस धाडा म्हनले असते तरी पंचाईत होती."

गल्लीत कुठलीही गोष्ट दोन दिवसांवर खाजगी राहत नाही. गांडूळ न कुजता कलकत्त्याला कसं पाठवायचं, यावर ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे सल्ले येऊ लागले. समोरच्या कस्तुराबाई लोणच्यासाठी प्रसिद्ध. त्या म्हणाल्या, "तेलामिठात घाल व, केशर. माह्या कैरीले तीन तीन वर्सं काही होत नाही." कापडवाले कांतीलाल डांबराच्या चार गोळ्या घेऊन आले आणि गोळ्यांनी लोकरीचा कोट बारा वर्षं टिकल्याचं सांगून गेले. गांडुळाला लोकर नसते, हे त्यांना कसं सांगावं ते केशरबाईंना कळेना. त्यांनी गोळ्या ठेवून घेतल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटची बाटली होती. ती सात वर्षं रिकामी होती आणि रजिस्टरात भरलेली होती, त्यामुळे नवी मागवता येत नव्हती. औषधाच्या दुकानात विचारलं तर परमिट मागितलं. मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून केशरबाई परमिटाच्या कचेरीत गेल्या. कचेरी कुठली ते सांगत नाही. तिथले लोक अजून नोकरीत आहेत.

तिथं सेवालाल नावाचे एक कारकून होते. कारकून तिरसट असता तर केशरबाई वाचल्या असत्या. पण सेवालाल अतिशय मदतगार होते.

"मास्तरीणबाई, गांडुळासाठीचा फारम आपल्याकडं नाही," ते कळवळून म्हणाले. "एक फारम आहे कारखान्याचा. तुमचा कारखाना आहे का?"

"नाही."

"दुसरा दवाखान्याचा. दवाखाना?"

"नाही हो."

"मंग राह्यला हा तिसरा. यात काहीच लागत नाही. नाव, वय, अन् डॉक्टरची चिठ्ठी, का तब्येतीसाठी जरूर आहे म्हनून."

"पण कोणाच्या तब्येतीसाठी?"

"ते फारमात विचारलेलंच नाही," सेवालाल आनंदानं म्हणाले. "तुमी कायले सांगता?"

केशरबाईंनी फॉर्म वाचायला हवा होता. मुलींना त्या दरवर्षी सांगत, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. पण तीनची बस चुकली तर पुढची साडेसहाला होती. डॉक्टरची चिठ्ठी सेवालालांनीच शेजारच्या दवाखान्यातून आणून जोडली. त्यांनी बोट ठेवलं तिथं केशरबाईंनी सही केली.

परमिट पोस्टानं आलं, शाळेच्या पत्त्यावर. शाळेचं टपाल उदयसिंग सर स्वतः फोडत. त्यांनी केशरबाईंना बोलावलं, समोर बसवलं, पंखा बंद केला आणि कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं की श्रीमती केशर पंजाबराव सरकटे, वय एकतीस, यांस मद्याची सवय असल्याने प्रकृतीच्या कारणास्तव विदेशी मद्य, दरमहा दोन बाटल्या, जवळ बाळगण्यास व प्राशन करण्यास परवानगी देण्यात येत आहे.

"मी कुणाच्या खाजगी गोष्टीत पडत नाही," सर म्हणाले. "पण वर्गात येताना..."

"सर, ते गांडुळासाठी आहे!"

सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "कधीपासून असं होतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

शाळा सुटून केशरबाई गल्लीत शिरल्या तेव्हा बातमी त्यांच्या पुढं पोचली होती. कस्तुराबाई ओट्यावरून उठून आत गेल्या. कांतीलालांनी नमस्कार केला, पण लांबून, वास येतो का ते पाहिल्यासारखा. मागच्या अंगणात भंवरीबाई कुंड्यांपाशी पाटावर बसल्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते.

"चार वर्सं झाली, केशर," त्या म्हणाल्या. "तुमाले खोली दिली तवा माह्या घरी लोकं काय काय बोलून गेले. म्या एकाचंबी ऐकलं नाही. म्या म्हनलं, पोरगी चांगली हाये. अन् तू दारू पेतेस?"

"काकू, तुमच्या गळ्याची शप्पथ, मी थेंब नाही पेली. ते मले पाह्यजेच नाही. ते या गांडुळाईसाठी हाये."

"केचव्याले दारू पाजतेस?"

"पाजत नाही व काकू. मारून त्यात ठेवा लागते."

आपण काय बोललो हे केशरबाईंच्या लक्षात आलं, पण तोवर वाक्य पूर्ण झालं होतं. भंवरीबाईंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग मातीकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं.

"दारू पेली असतीस तं परवडलं असतं बाई," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्या दिवशी केशरबाईंच्या घरी चूल पेटली नाही. पंजाबरावांनी चिवडा आणला होता. तो दोघांनी पुढ्यात ठेवला आणि कुणीच खाल्ला नाही. पुन्हा सात घरं पाहायची, पुन्हा सात भाचे! शेवटी पंजाबराव म्हणाले, "एक सांगू? राग नको धरू. आपनबी तं पानातिपाता म्हनतो ना बुद्धवंदनेत? कोन्याच जीवाले मारू नये म्हनून? मंग भंवरीकाकूचं चुकलं काय?"

केशरबाईंना हेच नको होतं. कॉलेजात प्राणी मारायचं काम प्रयोगशाळेतला शिपाई करायचा. त्यांच्यापुढं यायचं ते ट्रेमध्ये टाचलेलं. स्वतःच्या हातानं एकही जीव त्यांनी मारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवस घरात सुई, काच, कापूस सगळं मांडून ठेवूनही त्यांचा हात पुढं झाला नव्हता.

सकाळी त्या भंवरीबाईंकडं गेल्या आणि कलकत्त्याचं पत्र त्यांना मराठीत वाचून दाखवलं. स्टाफरूममधलं हसणंही सांगितलं. भंवरीबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"तू मोजलं ते बरोबरच हाये ना?"

"सात वेळा मोजलं, काकू."

"मंग असं कर. जो आपल्या मौतीनं मरन तो तुहा. पन मारायचा नाही. कबूल?"

केशरबाईंनी कबूल केलं. दारूचं परमिट भंवरीबाईंनी ट्रंकेत कुलपात ठेवलं. गल्लीतल्या अफवेचाही त्यांनीच बंदोबस्त केला. ओट्यावर उभं राहून त्यांनी कस्तुराबाईंना मोठ्यानं सांगितलं की आपली केशर दारू पीत नाही, तिला फक्त मेलेलं गांडूळ पाहिजे. यानं बदनामी थांबली की बदलली, हे नक्की सांगता येणार नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. भंवरीबाईंनी एका जुन्या परातीत माती घालून त्यात बारा गांडुळं ठेवली, म्हणजे मेलेलं लगेच दिसेल. पण भंवरीबाईंच्या देखरेखीखाली कुणी मरणं हे कठीण काम होतं. त्या परातीवर ओलं गोणपाट टाकत. भाजीची देठं बारीक करून घालत. थंडी पडली तेव्हा परात न्हाणीच्या चुलीच्या बाजूला आली. दिवाळीला बारा होती ती संक्रांतीला एकतीस झाली. केशरबाई रोज शाळेत जाण्याआधी गोणपाट उचलून पाहत आणि एकतीस धडधाकट गांडुळं बघून त्यांचा हिरमोड होई. दोन मेलीही, पण गोणपाट उचलेपर्यंत त्यांचा लगदा झाला होता. कलकत्त्याहून स्मरणपत्र आलं. शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी विचारलं, "काय बाई, तब्येत कशी आहे? त्यांची?"

अक्षय्य तृतीयेला भंवरीबाई शिरपूरला देवदर्शनाला गेल्या, आठ दिवसांसाठी. जाताना परात केशरबाईंच्या हवाली केली. "सकाळ-संध्याकाळ पानी टाकत जाय. तुह्या भरोशावर हायेत."

वैशाखाचं ऊन. नळाला दिवसाआड पाणी. न्हाणीचा पाट कोरडा पडला होता आणि कुंड्यांतली पानं लोंबत होती. पहिल्याच सकाळी पंजाबराव केशरबाईंच्या हातातला तांब्या पाहून म्हणाले, "दोन दिस नको टाकू. कोनाले समजते? आपल्या मौतीनं मेले म्हनायचं. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना," केशरबाई म्हणाल्या आणि रागारागानं तांब्या परातीत ओतला.

रोज त्यांनी आपल्या आंघोळीच्या पाण्यातून दोन तांबे काढून ठेवले. स्वतः ओल्या पंचानं अंग पुसलं. ज्यांच्या मरणाची त्या सहा महिने वाट पाहत होत्या, त्यांना त्यांनी स्वतःच्या वाट्याचं पाणी पाजलं आणि पाजताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दयेनं नव्हे. सातव्या दिवशी नळाला औषधाची पावडर घातलेलं पाणी आलं. उन्हाळ्यात गावात हगवण सुरू झाली की ती घालतच. पाण्याला वास येत होता. केशरबाईंनी नेहमीसारखे दोन तांबे ओतले आणि निकालपत्रकांच्या कामाला शाळेत गेल्या. दुपारी येऊन पाहतात तर गांडुळं मातीवर येऊन पडली होती. लांब, सरळ, शांत.

त्या परातीपाशी बसल्या आणि एकेकाला बोटानं हलवून पाहू लागल्या. एवढ्यात बाहेर टांगा थांबला. भंवरीबाई एक दिवस आधीच परतल्या होत्या. त्या तशाच अंगणात आल्या.

"पानी टाकलं होतंस?"

"रोज टाकलं, काकू. आज नळात पावडर होती. माह्या ध्यानात नाही आलं."

भंवरीबाईंनी परातीतलं एक गांडूळ तळहातावर घेतलं. डोळे मिटून त्या काही वेळ पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "ऊठ. लगदा व्हायच्या आंधी काय कराचं ते कर. मी परमिट काढून देते."

पुढचं काम घाईचं होतं. पंजाबराव परमिट घेऊन एस.टी.नं अकोल्याला गेले आणि ब्रँडीची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून, उभ्यानं परत आले. तोवर केशरबाईंनी काचेवर ओल्या कापसात गांडुळं थंड ठेवली होती. चांगली पाच निवडून त्यांनी ब्रँडीत सोडली. उरलेली बाटली भंवरीबाईंनी मोरीत ओतली आणि मोरी तीन वेळा धुतली. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, असं पत्रात स्पष्ट होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव कलकत्त्याला चाललंय, ते पेन्सिलीनं? केशरबाईंनी शाईचं पेन काढलं आणि इंग्रजीत, वळणदार अक्षरांत लिहिलं. पहिल्या ओळीत कारंजा लाड. दुसऱ्या ओळीत अकोला. तिसऱ्या ओळीत के. सरकटे. गाव, जिल्हा, नाव, सगळं चिठ्ठीत आलं म्हणून वेगळं पत्रही जोडलं नाही. पार्सलाच्या मागं फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला.

वर्ष गेलं. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात संस्थेची छापील पुस्तिका आली. केशरबाईंनी ती शाळेत उघडली नाही, घरी आणली. पंजाबराव, भंवरीबाई, कस्तुराबाई सगळे ओट्यावर जमले. केशरबाईंनी पान काढलं आणि वाचू लागल्या.

जात परदेशीच होती. नाव होतं पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस, मूळ ठिकाण दक्षिण अमेरिका. कुंड्यांच्या मातीतून ती देशोदेशी गेली होती. पट्टा पंधराव्या खंडापासून. शेपटी खरखरीत.

"एवढूशा जीवाले एवढं मोठं नाव?" भंवरीबाई म्हणाल्या. "अन् तुहं नाव कुठं हाये?"

केशरबाई पुढं वाचत होत्या, पण आता मोठ्यानं नाही. पार्सलावरचा पत्ता तिथल्या टपालवहीत राहिला होता आणि विद्वानांपुढं नुसती बाटली गेली होती. ब्रँडीत शाई उतरली होती. तिसरी ओळ साफ गेली होती. दुसऱ्या ओळीतल्या अकोल्याचं पहिलं अक्षर विरघळून नुसतं 'कोला' उरलं होतं. कलकत्त्याच्या विद्वानांनी नकाशा पाहिला आणि त्यांना कोलाबा जिल्ह्यात, समुद्रकाठी, कारंजा नावाचं एक गाव खरोखर सापडलं. 'लाड' हा शब्द उरला, तो त्यांनी आडनाव धरला. छापलं होतं ते असं: स्थळ कारंजा, जिल्हा कोलाबा, समुद्रकिनारा. गोळा करणारे, श्री. लाड. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती की नमुने तपकिरी पडले असल्याने मूळ रंग सांगता येत नाही.

"हा लाड कोन?" कस्तुराबाईंनी विचारलं.

केशरबाईंनी त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र लिहिलं. सगळं तपशीलवार, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. उदयसिंग सरांना पुस्तिका दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गांडूळ कोलाब्याचं निघालं. आपल्याकडे चौदाच."

तीन महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटावर लिहिलं होतं, श्री. लाड, द्वारा के. सरकटे, कारंजा. आत लिहिलं होतं की प्रिय श्री. लाड, आपल्या मोलाच्या कामाबद्दल संस्था आभारी आहे. के. सरकटे नावाच्या कुणा व्यक्तीनं आपल्या नमुन्यांवर हक्क सांगितला आहे. असे प्रकार या क्षेत्रात घडतात, तरी आपण मनाला लावून घेऊ नये. वाद मिटवण्यासाठी कृपया आणखी पाच पूर्ण वाढीचे नमुने, सरळ, मद्यार्कात, आपल्या सहीनिशी पाठवावेत.

पंजाबरावांनी पत्र वाचून घडी केली आणि बायकोच्या तोंडाकडं पाहत राहिले. ती रडेल असं त्यांना वाटलं. भंवरीबाई दारात उभ्या होत्या.

"काय म्हन्ते कलकत्ता? अजून पाच पाह्यजेत?"

"हो."

भंवरीबाई आत येऊन केशरबाईंजवळ खाली बसल्या.

केशरबाईंनी पोस्टकार्ड घेतलं. पेन उघडलं, मग ते बंद करून पेन्सिल घेतली. शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं, सुटं सुटं, स्वच्छ लिहिलं:

'महोदय, श्री. लाड यांची येथून बदली झाली आहे. त्यांचा नवा पत्ता कळलेला नाही. आपली, के. सरकटे.'

आणि वाळायचं काही नव्हतं, तरी सवयीनं कार्डावर एकदा फुंकर घालून त्यांनी ते पंजाबरावांच्या हातात दिलं.